मत वेगळं म्हणून बोलणंच बंद? तुमच्या इमारतीत, मंडळात, घरात काय करता?

शिरीष_परळ

नमस्कार मंडळी,

परळमधल्या पुनर्विकास झालेल्या इमारतीत राहतो. दोन जुन्या चाळी पाडून टॉवर उभा राहिला, त्यामुळे बरीचशी घरं एकमेकांना तीन पिढ्या ओळखतात. राजकारण आम्हाला नवीन नाही. लाल बावट्याचं घर, काँग्रेसचं घर, शिवसेनेचं घर अशी घरं एकाच मजल्यावर शेजारीशेजारी होती. जून २०२२ मध्ये सेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि जी घरं पिढ्यानपिढ्या एकच निशाणी ओळखत होती तीही आतून दुभंगली.

यंदा जानेवारीत पालिकेची निवडणूक झाली. २०१७ नंतरची पहिलीच. मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, म्हणून लोक इरेला पेटले होते हे मी समजू शकतो. पण इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं ते वेगळंच होतं. गद्दार, अंधभक्त, चमचे, खोकेवाले. हे नेत्यांना नाही, एकमेकांना. ज्यांच्या बारशाला जेवलो त्यांना. पंधरा-वीस घरं ग्रुप सोडून गेली.

निवडणूक संपून महिने झाले, पण ते अजून निवळलेलं नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी गळतेय. दुरुस्तीची सभा बोलावली की एक गट येतो तेव्हा दुसरा येत नाही. गणपतीच्या बैठकीतही तेच, आणि प्रवेशद्वारावर कोणत्या नेत्याचा फोटो लावायचा यावर गाडी अडलेली.

भांडण झालं याचं मला दुःख नाही. गिरणगावात वाढलेल्या माणसाला राजकीय भांडणाची भीती वाटत नाही. माणसं भांडून परत समोर यायची, ते थांबलंय याचा त्रास होतो. काही जण म्हणतात, ग्रुपवर आणि सभेत राजकारणाला कायमची बंदी घाला. मला ते पटत नाही. पाणी, रस्ता, शाळा, घर हे सगळं राजकारणच आहे, त्यावर शेजाऱ्याशी बोलायचं नाही तर कोणाशी?

तुमच्याकडे काय करता? खरे अनुभव सांगा. पक्षाची बाजू इथे मांडू नका ही विनंती.

चाकरमानी_मुलुंड

बंदी घाला, शिरीष. आमच्या सोसायटीत २०१९ पासून ग्रुपवर फक्त कमिटी लिहिते, बाकीच्यांनी वाचायचं. पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद, संपलं. एकही भांडण नाही.

रविवारचा_चहा

@चाकरमानी, भांडण नाही हे खरं. पण बोलणं तरी आहे का?

चाकरमानी_मुलुंड

नाही. पण टाकी दुरुस्त आहे :)

सुलभा_गोरेगाव

शिरीष, महत्त्वाचा विषय काढलास. मी पंच्याहत्तरीच्या पुढची आहे, म्हणून जरा मागचं सांगते.

१९७२ मध्ये महागाई भडकली तेव्हा मुंबईत महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती झाली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट. दोन कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये फुटलेले, एकमेकांवर भयंकर चिडलेले. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचं तर बेचाळीसच्या लढ्यापासून वाकडं. तरी या बायका एकत्र बसल्या. थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या तेव्हा मागे हजारो गृहिणी होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींना कोण कुठल्या पक्षाची हे ठाऊकही नव्हतं. रेशनवर तेल आणि धान्य मिळतंय की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

माझ्या आईबरोबर मीही लहान-मोठ्या बैठकांना जायचे. त्या बैठकांत मतभेद नव्हते असं अजिबात नाही. आवाज चढायचे. पण ठरलेलं असायचं की आज तेलाचं बोलायचं, रशिया आणि चीन नंतर. मृणालताईंना गोरेगावात लोक पाणीवाली बाई म्हणायचे, ते त्यांनी नळासाठी घातलेल्या खेपांमुळे. त्या खेपा घालताना शेजारच्या बाईचं मत कोणाला, हे त्यांनी विचारलं नसणार.

बंदीला माझा विरोध आहे. बंदी घातली की माणसं गप्प होत नाहीत, आपापल्या गटात जाऊन बोलतात. तिथे तर त्यांना अडवणारं कोणीच नसतं.

मीनल_दादर

सुलभाताई, शेवटच्या दोन वाक्यांना शंभर वेळा अनुमोदन.

जुना_गिरणगावकर

सुलभाताईंचा आदर राखून थोडं कडू लिहितो. पूर्वी सगळे भांडून एकत्र चहा प्यायचे, असं चित्र उभं करू नका. मी याच भागातला आहे.

५ जून १९७० ला आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. कम्युनिस्ट पक्षाचे, गिरणगावात घराघरात माहीत असलेले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. सेनेचे ते पहिले आमदार. त्या काळात या गल्ल्यांत राजकीय मतभेदाचा शेवट रक्तात व्हायचा. तेव्हा मी शाळेत होतो. वडील संध्याकाळनंतर आम्हाला खाली सोडत नसत.

म्हणून "आजकाल वातावरण बिघडलंय" हे ऐकलं की मला प्रश्न पडतो. आज निदान शिव्या मोबाइलवर आहेत.

शिरीष_परळ

काका, बरोबर आहे, हे लिहायलाच हवं होतं. पण एक विचारतो. १९८२ च्या गिरणी संपात काय झालं? १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आमच्या चाळीत सेनेला मानणारे, लाल बावट्याचे, काँग्रेसच्या इंटक युनियनचे, सगळे संपात होते. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्यात रक्त सांडलं त्यांच्याच घरातल्या बायका एकमेकींना पीठ उसनं देत होत्या. हे कसं जमलं?

जुना_गिरणगावकर

उपाशी होते सगळे, म्हणून. पीठ उसनं देणारी बाई पक्ष बघत नाही, हे मी माझ्या आईत बघितलं. पण त्याला संवाद म्हणू नकोस. पुढे संप मोडल्यावर कोण कोणामुळे हरलं यावरून तीच माणसं वर्षानुवर्षं अबोल राहिली. माझे दोन काका त्यात आहेत.

तुझा मुद्दा मात्र मी मान्य करतो. अबोला धरूनही चाळीत एकाच नळावर जावं लागायचं. तोंड चुकवायची सोयच नव्हती. तुझ्या टॉवरमध्ये लिफ्टमधून थेट घरात जाता येतं.

टू_बीएचके

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत दोनच पक्ष आहेत. पार्किंग मिळालेले आणि पार्किंग न मिळालेले. बाकी सगळ्या विचारधारा त्याखाली विलीन.

मीनल_दादर

@टू_बीएचके :D आणि पाहुण्यांचं पार्किंग म्हणजे अपक्ष.

वरळीची_पोर

सगळं वाचलं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, रागावू नका.

आदरानं बोला, हे नेहमी कोणाला सांगितलं जातं? मी बीडीडी चाळीत वाढले. घर भाड्यानं शोधत होते तेव्हा आडनाव सांगितल्यावर तीन ठिकाणी फोन उचलणं बंद झालं. एका ठिकाणी अगदी गोड शब्दांत, ताई ताई करत नाही म्हणाले. शिवी नाही, आवाज चढला नाही. आणि मी त्यावर ग्रुपवर चिडून लिहिलं तर मला सांगण्यात आलं की भाषा नीट ठेव, वातावरण बिघडवू नकोस.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना राजकारण म्हणजे मत वाटतं, आमच्यासाठी ते घर मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न आहे. समोरच्याशी सभ्यपणे बोलायला मी तयार आहे, पण सभ्यपणाच्या नावाखाली विषयच मिटवायचा असेल तर मला तो नको. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत शेवटचं मोठं भाषण केलं. एका माणसावर भक्ती ठेवण्याचा धोका त्यात आहेच, तो सगळे उद्धृत करतात. पण राजकीय समता मिळाली आणि सामाजिक विषमता तशीच राहिली तर हा विरोधाभास फार काळ टिकणार नाही, हेही त्याच भाषणात आहे. ते कोणी सांगत नाही.

सुलभा_गोरेगाव

बाळ, रागावण्यासारखं काहीच नाही यात. तू लिहिलंस ते बरं झालं.

पार्लेकर_आजोबा

वरळीच्या पोरीला एक सांगावंसं वाटतं. चिडून बोलणं आणि अनादर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात चिडून बोलण्याची मोठी परंपरा आहे, आणि ती मुळीच वाईट नाही.

टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात मुंबईतच, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे समाजसुधारणेवरून फाटलं. आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. एकमेकांवर त्यांनी जे लिहिलं ते आजच्या ग्रुपवर टाकलं तर दोघांनाही काढून टाकतील. पण ते मुद्द्यावर होतं. संमतिवय, स्त्रीशिक्षण, आधी राजकीय की आधी सामाजिक. वाचणाऱ्याला निदान कळायचं की वाद कशावर आहे. ग्रुपवर मला ते कळत नाही. गद्दार म्हटलं, बरं, पण नळाच्या पाण्याचं काय?

खाडीपलीकडून

आजोबा, आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती लोकांनी. तेव्हाचे अनुयायीही काही कमी नव्हते.

पार्लेकर_आजोबा

खरं आहे. नेत्यांपेक्षा अनुयायी नेहमी दोन पावलं पुढे.

रविवारचा_चहा

यावरून आठवलं. नेते एकमेकांशी चांगले असतात आणि आपण इथे डोकी फोडतो. २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेसाठी उभ्या राहिल्या तेव्हा बाळासाहेबांनी विरोधात उमेदवार दिला नाही. २००७ मध्ये शिवसेना एनडीएत असूनही राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभा पाटलांना पाठिंबा दिला. कारण काय, तर मराठी माणूस. हा मोठेपणा आता कुठे?

जुना_गिरणगावकर

मोठेपणा असेलही. पण नेत्यांची वरची मैत्री आणि आपला खालचा संवाद यांची गल्लत करू नका. वर हातात हात आणि खाली पोरं एकमेकांवर केसेस घालून बसलेली, हे मी पुष्कळ बघितलंय. आता ती पोरं साठीची झाली, तारखांना अजून जातात.

वकीलसाहेब_किल्ला

केसेसचा विषय निघालाच आहे तर थोडी कायद्याची माहिती, कारण ग्रुप ॲडमिन लोक घाबरून बंदी घालतात असं मी बघतो.

सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, त्याचा समान हेतू दिसला पाहिजे. हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा निव्वळ खटल्याच्या भीतीपोटी सगळ्यांची तोंडं बंद करू नका.

दुसरं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेबांच्या निधनानंतर पालघरमध्ये फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी दोन तरुणींना अटक झाली होती. एकीनं लिहिलं, दुसरीनं फक्त लाइक केलं. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६ अ खाली अशा कारवाया व्हायच्या ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्या वेळी मुंबईतल्या अनेकांना वाटलं की आता सगळे मोकळेपणानं बोलतील. कायद्यानं जी जागा दिली ती वापरायची सवय मात्र आपण लावून घेतली नाही.

ऐशीचा_दशक

अवांतर: फॉरवर्डचंही बघा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. गरीब, भटके, पोट भरायला आलेले. अफवा मोबाइलवरून फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आणली. म्हणजे कंपनीला कळलं की वेग कमी केला पाहिजे.

आमच्या ग्रुपवर माझा एकच नियम असतो. दुसऱ्यानं लिहिलेलं पुढे ढकलायचं नाही. राजकारणावर बोलायचं असेल तर स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा. नव्वद टक्के कचरा त्यातच जातो, कारण बहुतेकांना चार ओळी लिहायचा कंटाळा असतो.

मीनल_दादर

हा नियम चोरतेय!

जोगेश्वरी_पूर्व

आमच्याकडचं सांगतो. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला, माहीत असेलच. साडेनऊ लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि फरक ४८. माझ्या दोन मावसभावांपैकी एक त्या दिवशी गावी गेला होता, मत दिलं नाही. दुसरा त्याच्याशी अजून बोलत नाही. "तुझ्यासारख्या पन्नास जणांमुळे हरलो" म्हणतो. मावशी मध्ये अडकली आहे, दिवाळीला एकाला सकाळी बोलावते, एकाला संध्याकाळी.

सल्ला असेल तर द्या. मला काही सुचत नाही.

सुलभा_गोरेगाव

मावशीला सांग, दोघांना एकाच वेळी बोलाव आणि घरातलं एखादं जड काम सांग. कपाट हलवायचं आहे म्हणावं. दोघांशिवाय हलणार नाही असं.

नसीम_माझगाव

सुलभाताईंच्या कपाटावर हसलो आणि मग थांबलो, कारण तेच काम आम्ही मोठ्या प्रमाणावर होताना बघितलं आहे.

आमचं घर माझगावात, मूळ गाव रत्नागिरी, घरात कोकणी मराठी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३, मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंगली. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यू आहेत. त्या दिवसांचं मला इथे लिहायचं नाही. त्यानंतर काय झालं ते लिहितो.

मुंबईत मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलिस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशी माणसं त्यात होती. त्याआधी भिवंडीत सुरेश खोपडे पोलिस उपायुक्त असताना १९८८ मध्ये हा प्रयोग झाला होता. १९८४ ला दंगलीत जळलेली भिवंडी १९९२-९३ ला शांत राहिली, हे लोक विसरतात. आमच्या भागातल्या कमिटीच्या बैठकांना माझे वडील जायचे. पहिल्या काही बैठकांत सगळे एकमेकांकडे न बघता पोलिसाकडे बघून बोलायचे, असं ते सांगत. विषय काय असायचे? कचरा, गटार, रात्री लाउडस्पीकर, पोरांची भांडणं. एकतेवर भाषणं देणारा आला की वडील कंटाळायचे. गटाराचं बोलणं निघालं की दोन्हीकडचे जोरात बोलायला लागत. मग क्रिकेटचे सामने झाले, पोलिसांच्या टीमबरोबर.

त्याचा फायदा कधी व्हायचा? अफवा आली की. अफवा आल्यावर फोन कोणाला करायचा, हे नाव आधीपासून माहीत असायचं. पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसाचा नंबर वडिलांच्या डायरीत शेवटपर्यंत पहिल्या पानावर होता.

शिरीषदादा, तुमच्या इमारतीत टाकी गळतेय ना? मला वाटतं तुमचं काम तिथूनच सुरू होईल. पण वरळीच्या ताईंनी लिहिलंय तेही धरा. कमिटीत आमच्याकडच्या लोकांना नुसतं बसवलं असतं आणि घरं, नोकऱ्या, पोलिसांचं वागणं यावर बोलू दिलं नसतं, तर वडील दुसऱ्या बैठकीला गेले नसते.

वरळीची_पोर

नसीमभाई, धन्यवाद. हेच म्हणायचं होतं मला.

शिरीष_परळ

नसीमभाई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून कमिटीत वाचणार आहे. परवानगी आहे ना?

नसीम_माझगाव

जरूर.

कट्टर_मुंबईकर

सगळं छान चाललंय, पण मला स्पष्ट बोलू द्या. गेल्या वर्षी पहिलीपासून हिंदी लादण्याचे जीआर निघाले तेव्हा गोड बोलून काही झालं असतं का? एप्रिलमध्ये पहिला, जूनमध्ये सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले, कारण लोक रस्त्यावर उतरायला निघाले होते. सभ्य संवाद सभ्य संवाद करत बसलो असतो तर आज पोरं हिंदीची पुस्तकं घेऊन बसली असती.

मीनल_दादर

कट्टरदादा, त्या जीआरच्या विरोधात मीही होते, सह्यांच्या मोहिमेत होते. पण आठवा ना, त्यात कोण कोण होतं. भाषेचे अभ्यासक, शिक्षक, डाव्या पक्षांचे लोक, ठाकरे बंधू, आणि इतर पक्षांचे असूनही या विषयावर आपल्याच सरकारला नको म्हणणारे पालक. हे जमलं कारण मुद्दा पक्का होता आणि मांडणी झाली होती. लहान मुलाला पहिलीत तीन भाषा का नकोत हे शिक्षकांनी समजावून सांगितलं. मराठीच्या वादातून मीरा रोडला दुकानदाराला थोबाडीत मारल्यानं त्या मुद्द्याला काय मिळालं? देशभराच्या टीव्हीवर आठवडाभर ती थोबाडीत दिसली आणि पहिलीतलं मूल कोणालाच दिसलं नाही.

कट्टर_मुंबईकर

थोबाडीत मारण्याचं मी समर्थन करत नाही. पण मराठी माणसाचं ऐकूनच घेत नाहीत तेव्हा काय करायचं, याचं उत्तर कोणी देत नाही.

पार्लेकर_आजोबा

दादा, उत्तर इतिहासात आहे. ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, शिवाय जनसंघ आणि हिंदू महासभाही. यांच्यात एकमेकांबद्दल काय भावना होत्या हे मी घरात ऐकत मोठा झालो. अत्र्यांची जीभ तर कोणाला सोडत नसे. १०६ हुतात्मे झाले, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. रस्त्यावरचा लढा होता तो, गोड बोलणं नव्हतं. पण समितीच्या आत न पटणाऱ्यांशी बोलत राहावं लागलं म्हणून तो टिकला.

कट्टर_मुंबईकर

आजोबा, हे मान्य.

एकोणीस_वर्षांची

मी पहिल्यांदाच लिहितेय. मी यंदा पहिल्यांदा मतदान केलं. घरी बाबा आणि आजोबा एका पक्षाचे, मी दुसऱ्याला मत दिलं आणि सांगितलंही. बाबा म्हणाले, तुला अक्कल नाही, सोशल मीडियानं डोकं फिरवलंय. मला वाईट याचं वाटलं की "का दिलंस" हे कोणीच विचारलं नाही. माझ्याकडे कारणं होती. बसचं होतं, बेस्टच्या आमच्या मार्गावरच्या गाड्या कमी झाल्यात, कॉलेजला रोज उशीर होतो.

तुम्ही सगळे मोठे आहात. घरात कोणी एवढं तरी विचारायला हवं ना?

सुलभा_गोरेगाव

हवंच. तुझ्या बाबांना माझा हा निरोप दे.

निवृत्त_बाई_भायखळा

या मुलीसाठीच लिहायला बसले. मी पालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेताना मी मुलांना आदल्या दिवशीपर्यंत बाजू सांगत नसे. दोन्ही बाजूंची टिपणं काढायला लावायची. तू विरोधात बोलणार असशील तर आधी समोरच्याचं म्हणणं असं मांड की तोच म्हणाला पाहिजे, हो, हेच माझं म्हणणं आहे. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची पद्धत होती ती हीच.

मुलं सुरुवातीला वैतागायची. पण एक गोष्ट मी दरवर्षी पाहिली. ज्या मुलानं समोरची बाजू नीट लिहून काढली, तो मंचावर कमी ओरडायचा. मत बदललेलं नसायचं त्याचं. पण ओरडायची गरज उरत नसे.

सोसायटीच्या सभेत हे करून पाहा. टाकी दुरुस्त करायची की नवी बसवायची यावर दोन बाजू असतील, तर एका बाजूच्या माणसानं दुसऱ्या बाजूचा मुद्दा आधी सांगायचा, मग आपला. वेळ जास्त लागतो. लागू द्या.

चाकरमानी_मुलुंड

बाई, आमच्या सोसायटीत हे केलं तर सभा दुसऱ्या दिवशी पहाटे संपेल. पण खरं सांगतो, हे वाचून मला आमच्या शांततेचा अभिमान थोडा कमी झाला.

ऐशीचा_दशक

टीव्हीवाल्यांनाही बाईंकडे पाठवा. आठ चौकटी, आठ माणसं, एकाचंही वाक्य पूर्ण होत नाही.

रविवारचा_चहा

जागेचाही प्रश्न आहे. गिरगावात शांतारामाच्या चाळीत टिळकांपासून जीनांपर्यंत लोकांच्या सभा व्हायच्या, चाळीच्या गॅलऱ्यांतून बायका-मुलं ऐकायची. परळचं कामगार मैदान, नरे पार्क, शिवाजी पार्क. विरोधी पक्षाची सभाही माणूस उभ्याउभ्या ऐकून यायचा, घरी येऊन नावं ठेवायला का होईना. शिवाजी पार्क २०१० पासून शांतता क्षेत्र आहे. त्यामागे रहिवाशांचा त्रास होता, तो खोटा नाही. पण ऐकण्याची फुकटातली जागा गेली हेही खरं. आता ज्याचं ऐकायचं त्याचेच व्हिडिओ येतात.

वकीलसाहेब_किल्ला

शिरीष, मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तुझ्या टाकीची मला काळजी लागली आहे.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेची वाट बघू नकोस. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कमिटीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. मागणीपत्रावर दोन्ही गटांतल्या लोकांच्या सह्या घे. सह्या घ्यायला दोघांनी मिळून जा, प्रत्येक गटातला एक. विषयपत्रिकेवर एकच विषय ठेव, टाकी. गणपती आणि फोटो त्या दिवशी काढू नकोस. अध्यक्षस्थानी दोन्हीकडच्यांना चालेल असं माणूस बघ. इतिवृत्तात दोन्ही बाजूंचे मुद्दे नोंदवायचे, नुसता ठराव नाही. माणसाला आपलं म्हणणं कागदावर दिसलं की तो हरला तरी पुढच्या सभेला येतो.

शिरीष_परळ

वकीलसाहेब, हे फार उपयोगी आहे. इंटकचे एक जुने काका आहेत, सगळे त्यांना मानतात. त्यांना विचारतो. सह्यांसाठी माझ्याबरोबर समोरच्या गटातला जो येईल असं वाटतं, त्याच्याशी मी जानेवारीपासून बोललेलो नाही. आज रात्री त्याच्या घरी जाणार आहे. फोन करणार नाही, थेट जातो.

बॅनरचं मात्र कोणी सांगितलं नाही. प्रवेशद्वारावर कोणत्या नेत्याचा फोटो? वर्गणीतला मोठा वाटा त्यांच्याकडून येतो, म्हणून लोक अडून बसलेत.

मीनल_दादर

आमच्या मंडळानं प्रवेशद्वारावर फक्त गणपती आणि मंडळाचं नाव ठेवलं. देणगीदारांची यादी आत, एकाच आकाराच्या अक्षरांत, रकमेनुसार नाही, आडनावाच्या आद्याक्षरानुसार. पहिल्या वर्षी एक मोठी देणगी गेली. वर्गणीसाठी घरोघर जास्त फिरावं लागलं. ज्या घरांत वर्षानुवर्षं कोणी गेलं नव्हतं तिथेही गेलो, आणि त्यातली बरीच घरं आता आरतीला येतात.

वरळीची_पोर

शिरीषदादा, घरोघर जाल तेव्हा भाडेकरूंच्या घरीही जा. सभेत मत नसतं त्यांना, पण पाणी त्याच टाकीतलं पितात.

शिरीष_परळ

जातो. भाडेकरूंना सभेला निमंत्रित म्हणून बसू द्यावं असा मुद्दा मागणीपत्राबरोबरच्या चिठ्ठीत घालतोय. वकीलसाहेब, मसुदा तयार झाला की इथे टाकतो, जरा नजर टाका.

वकीलसाहेब_किल्ला

टाक. सभासदांची एकूण संख्याही लिही, म्हणजे सह्या किती लागतील ते नक्की सांगता येईल.